किचन असलेली जागा

हैदराबादेत हिमायतनगरच्या भालकीकरांच्या घरात "यंदा कुठं जायचं?" हा प्रश्न निघाला, की भारतीचे खांदे दुखायला लागत. थट्टा नाही, खरोखरच दुखत. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढं समुद्र यायचा, डोंगर यायचा. हिच्या डोळ्यांपुढं यायचा परक्या घरातला ओटा. बुटका, चिकट, आणि गॅसचा एक बर्नर हटकून न पेटणारा.

सहलीची जागा बघायचं काम लग्न झाल्यापासून तिच्याकडं. कुणी दिलं, कधी दिलं, आता कुणालाच आठवत नाही. माहेर निजामाबादचं, तेलुगू तोंडात बसलेलं, म्हणून लॉजवाल्यांशी आणि बंगलेवाल्यांशी बोलायचं ते तिनंच. नवरा बाळकृष्णराव इथंच पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून निवृत्त झाले, पण तेलुगूत त्यांची गाडी 'बागुन्नारा', म्हणजे 'बरे आहात ना', याच्या पुढं कधी सरकली नाही. मुलगा समीर आणि सून मेघना कोंडापूरला राहतात, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. समीर म्हणायचा, "आई, तूच बघ ना. तुला सगळ्यांचं कळतं." सगळ्यांचं कळणं ही त्या घरात एक शिक्षाच होती म्हणा.

स्वतः भारती नारायणगुड्याच्या एका शाळेत मराठी शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झाली. म्हणजे शाळेतून झाली. ओट्यावरून बाईला निवृत्त करायची पद्धत अजून कुठल्या सरकारनं काढलेली नाही. हार घातला, शाल दिली, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं डाळ धुवायला घेतली.

यंदा ठरलं होतं विशाखापट्टणम. चार दिवस, समुद्रावर. समीरनं फोनवर एक ग्रुप काढला, त्याला इंग्रजीत काहीतरी नाव दिलं, आणि झालं! सगळे उंटावरून शेळ्या हाकायला मोकळे. समीरला इंटरनेट जोरदार हवं. मेघनाला बाथरूम स्वच्छ हवं, बाकी काही नको. गरीब पोर, तिची अपेक्षा एवढीच. बाळकृष्णरावांना जागा स्टेशनपासून लांब नको, रस्त्याला लागून नको, लिफ्टशिवाय नको आणि महाग तर नक्कोच नक्को. त्यांच्या 'नको'त हैदराबाद शिरलेलं होतं, ते असं ठासून येई. आणि या सगळ्यांनंतर, प्रत्येकाच्या निरोपाच्या शेवटी, तेच एक वाक्य यायचं, "किचन आहे ना? आजीचं काय?"

आजी म्हणजे सावित्रीबाई, बाळकृष्णरावांच्या आई. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी अधू, पण कानानं आणि जिभेनं तिखट. भारती त्यांना आत्याबाई म्हणे, तिच्या माहेरकडं सासूला तसंच म्हणतात. या आत्याबाईंनी काशीला जाऊन परान्न सोडलं होतं.

आता काशीला गेलं की काहीतरी सोडून यायचं, ही आपल्यातली जुनी रीत. आवडीची वस्तू सोडावी असं शास्त्र सांगतं. पण माणसं शास्त्राहून हुशार. कुणी कारलं सोडतं, कुणी पडवळ सोडतं, आणि गंगेत डुबकी मारून सुटल्यासारखं तोंड करून घरी येतं. भारतीचे सासरे तेवढे भाबडे निघाले. त्यांनी सीताफळ सोडलं आणि पुढं मरेपर्यंत दर सीझनला आबिड्सच्या फळवाल्यांसमोरून मान खाली घालून चालत राहिले. सावित्रीबाईंनी मात्र एकदम परान्नच सोडलं. परक्या चुलीवरचं, परक्या हातचं शिजलेलं खायचं नाही. भारती तेव्हा नवी नवरी. तिला वाटलं, केवढी ही निष्ठा! मग पहिली सहल निघाली, तिरुपतीची, आणि निष्ठा कुणाची आणि कंबर कुणाची ते तिला कळलं.

तेव्हापासून भालकीकरांची सहल म्हणजे किचन असलेली जागा. एक भांड्यांची पिशवी कायमची भरलेली, तिच्यात छोटा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा. लोक कॅमेरा गळ्यात अडकवून निघतात, ही पोळपाट काखेत मारून निघायची. आणि एकदा चूल पेटली, की बाकीचेही म्हणायचे, "आजीचं करतेसच, तर आमच्याही दोन मुठी टाक की. घरचं ते घरचं." त्या दोन मुठींपायी भारतीनं उटीला काय पाहिलं? एक खिडकी पाहिली. खिडकीबाहेर शेजारच्या बंगल्याची भिंत होती, भिंतीवर शेवाळ होतं. म्हैसूरच्या राजवाड्यावर हजारो दिवे लागतात म्हणे. लागले असतील. त्या वेळी ती कणीक मळत होती.

कुणी वाईट होतं का? मुळीच नाही. नवरा शिव्या देणारा नव्हता, सासू छळणारी नव्हती, मुलगा तर आईवर जीव टाकणारा. मेघना दर वेळी विचारायची, "आई, मी करू का?" आणि भारती दर वेळी म्हणायची, "नको ग, तुला किती दिवसांनी रजा मिळालीय." मनात म्हणायची, या जोखडाला मी आहे तेवढी पुरे, या पोरीला कशाला जुंपू. म्हणजे बघा, तक्रार करावी तर कुणाची, तेच कळत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर यंदा जागा शोधता शोधता एक भानगड झाली. विशाखापट्टणमच्या पुढं भीमिली म्हणून गाव आहे, तिथलं एक घर फोनवर भारतीच्या नजरेस पडलं. सत्यवती नावाच्या बाईंचं. त्या स्वतः मागच्या बाजूला राहायच्या आणि पुढच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. दोन खोल्या खाली, एक वर. वरच्या खोलीला एक अरुंद गॅलरी, गॅलरीत एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीच्या समोर नुसता समुद्र. फोटोत खुर्ची रिकामी होती. भारतीनं तो फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. तिला समुद्र पाहायचा होता असंही नाही. तिला बसायचं होतं. कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी चार दिवस बसायचं होतं, बस्स.

तिनं फोन लावला. सत्यवतीगारू, म्हणजे आपल्याकडच्या सत्यवतीबाई, मऊ आवाजाच्या. जेवण आमच्याकडून येईल, म्हणाल्या, सकाळी इडली नाहीतर पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, दुपारी भात-पप्पू, म्हणजे आपला वरणभात, रात्री काय सांगाल ते.

"आणि पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर?" भारतीनं विचारलं.

"ते नाही अम्मा," त्या तेलुगूत म्हणाल्या, "सुट्टीला आलेल्या माणसानं कशाला रांधायचं?"

परक्या बाईला इतकं साधं कळतं आणि आपल्या घरात ते आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही, याचं भारतीला एकदम रडू आलं. घरी विचारून सांगते म्हणून तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी तिनं फोटो ग्रुपवर टाकले. सगळ्यांना आवडले. समीरनं नाचणारी चित्रं पाठवली. मेघनानं लिहिलं, "बाथरूम किती छान!" बाळकृष्णराव फिरायला गेले होते, ते आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो पाहिले, म्हणाले, "वा! हे उत्तम." आणि मग अर्थातच, "किचन कुठाय यात?"

"नाहीये."

"मग आईचं काय?"

बोलण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. पाऊस आहे, छत्री घे, असं सांगावं तसं ते म्हणाले. भारतीनं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिनं विशाखापट्टणममधलाच एक बंगला बघून ठेवला. किशोर नावाच्या माणसाचा, दोन बेडरूमचा, स्टेशनजवळ. लिफ्टचा प्रश्नच नाही, तळमजलाच. आणि किचन? किचन तर काय, ऐसपैस! किशोरनं अगदी कौतुकानं त्याचा व्हिडिओ पाठवला. दोन शेगड्या, मिक्सर, फ्रीज, सिंक मोठं. तो व्हिडिओ बघताना भारतीचे खांदे असे काही भरून आले, की तिनं जाऊन भिंतीला पाठ टेकली. बाळकृष्णराव म्हणाले, "हे झकास. करून टाक पक्कं." ती 'हौ' म्हणाली. पण पक्कं केलं नाही. दोन दिवस गेले, किशोरचे फोन आले, आणि ती आज करते, उद्या करते म्हणत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादं काम ढकललं.

त्या आठवड्यात एका दुपारी घरात दोघीच होत्या. बाळकृष्णराव कुठल्याशा जुन्या सहकाऱ्याला भेटायला दिलसुखनगरला गेले होते. भारती सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. हे रोजचं. रोज ती गप्प चोळायची आणि आत्याबाई गप्प डोळे मिटायच्या. त्या दिवशी तिला काय झालं कोण जाणे, हात तसेच चालू ठेवून ती म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? हे परान्न कशाला सोडलंत हो तुम्ही?"

सावित्रीबाईंनी एक डोळा उघडला. "आज बरं विचारलंस?"

"आजच विचारावंसं वाटलं."

"आजवर कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मिस्कील हसू पसरायला लागलं. "तुझ्या सासऱ्यांनीसुद्धा नाही. त्यांना वाटलं, मी फार पुण्यवान."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्यांच्या हातच्या पुरणपोळीचं नाव सगळ्या गोतावळ्यात. गौळीगुड्याला मुंज निघो, काचीगुड्याला बारसं निघो, शालीबंड्याला कुणाचं काही निघो, आदल्या दिवशी दाराशी रिक्षा उभीच. 'सावित्रे, तुझ्याशिवाय पुरण होत नाही बाई!' घरचं सगळं उरकून जायचं, तिथं तव्यासमोर बसायचं, शे-दीडशे पोळ्या लाटून भाजायच्या, आणि पाठ धरून परत यायचं. नाही म्हणायची सोय नाही. नात्यातली माणसं, तोंडावर गोड बोलणारी. कामाला बोलावतात असं कुठं म्हणत होती? जेवायलाच बोलावत होती की.

"पाठ अशी गेली होती ग माझी," सावित्रीबाई म्हणाल्या, "की गाडीत काशीपर्यंत आडवीच होते. घाटावर गुरुजींनी विचारलं, बाई, काय सोडता? हे म्हणाले, वांगं सोड. मी म्हटलं, वांग्यानं माझं काय वाकडं केलंय? आणि एकदम तोंडातून निघून गेलं. परान्न सोडते."

"म्हणजे?"

"अगं, जी बाई घासभर खाणार नाही, तिला कोणत्या तोंडानं राबवायला नेतील? उपाशी बाईकडून पोळ्या लाटून घ्यायला लाज नाही वाटणार? झालं. रिक्षा यायच्या बंद झाल्या." त्या आता खुदुखुदु हसत होत्या, सुरकुतलेलं पोट हलत होतं. "नुसतं 'माझी पाठ दुखते, येत नाही' म्हटलं असतं, तर जन्मभर नावं ठेवली असती. नेम म्हटल्यावर सगळ्या पाया पडायला लागल्या!"

भारतीचे हात थांबले. एका गुडघ्याला तेल लागलं होतं, दुसरा कोरडा होता. ती उठली, गॅलरीत गेली, कठड्याला धरून उभी राहिली. खाली भाजीची बंडी चालली होती, ती ढकलणारा पोरगा 'टमाटे, टमाटे' ओरडत होता. तिला राग आला होता. तिरुपती, उटी, म्हैसूर, श्रीशैलम. सगळीकडं ती ज्याला देवाचं काम समजून राबली, ते या बाईनं पाठ वाचवायला काढलेलं निमित्त होतं! आणि वर हसतेय!

ती परत आली. बसली. सवयच इतकी वाईट, की आधी दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं, मग बोलली.

"तुम्ही सुटलात, आत्याबाई. आणि मला जुंपलंत."

सावित्रीबाईंचं हसू मावळलं, पण नजर खाली गेली नाही. "तुला कुणी जुंपलं? मी कधी म्हटलं का, सुनेच्याच हातचं लागतं म्हणून?"

"मग?"

"घरच्या माणसाच्या हातचं, असा नेम आहे माझा. घरात माणसं किती आहेत, ती तूच बघ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. इतकी वर्षं परान्न म्हटलं की भारती, इतकं पक्कं गणित त्या घरात बसलेलं होतं. नवऱ्यानं ते तपासलं नव्हतं, मुलानं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुलांना व्याकरण तपासून देणाऱ्या भारतीनंही नव्हतं.

"मग आजवर बोलला का नाहीत?" तिचा आवाज चिरकला.

"का बोलू? आयतं मिळत होतं, गरम मिळत होतं, चवीचं मिळत होतं." म्हातारीनं सरळ सांगून टाकलं. "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मी विचारत बसले असते, तर माझी पाठ तरी वाचली असती का?"

त्यात माफी नव्हती, आणि भारतीला ती नकोही होती. तिला फार थकल्यासारखं वाटलं, आणि थकव्याच्या तळाशी थोडं हलकं.

तिनं त्याच दुपारी सत्यवतीगारूंना फोन लावला. खालच्या एका खोलीत छोटी विजेची शेगडी आणि कुकर ठेवला तर चालेल का? घरात म्हाताऱ्या सासूबाई आहेत, त्यांचा नेम आहे, दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. "पेद्दम्मांसाठी, थोरल्या आईंसाठी ना? ठेवा की," सत्यवतीगारू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला कुठली खोली?"

"वरची," भारती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिची तिलाच लाज वाटली.

सत्यवतीगारूंनी रविवारी संध्याकाळपर्यंत खोल्या धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर मात्र दुसरं गिऱ्हाईक होतं.

रात्री जेवणं झाल्यावर भारतीनं सांगून टाकलं. भीमिलीचं घर घ्यायचं. खालच्या एका खोलीत समीर-मेघना, दुसरीत आत्याबाई आणि तुम्ही, सोबत शेगडी. वरच्या खोलीत मी. आत्याबाईंना सकाळ-संध्याकाळ वरणभात लागेल, तो तुम्ही लावायचा.

बाळकृष्णरावांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि ते हसले. मग बायको हसत नाही हे बघून त्यांनी आईकडं पाहिलं. "आई, हे काय? तुला चालणारे का माझ्या हातचं?"

"मला काय धाड भरलीय न चालायला?" सावित्रीबाई म्हणाल्या. "तू माझ्या पोटचा. तू काय परका?"

"अगं पण मला येतं कुठं काय? चहा येतो."

"मग शिका," भारती म्हणाली.

"अगं पण..." ते चांगलेच परेशान झाले होते, खुर्चीत सावरून बसले, आणि जे मनात होतं ते त्यांच्या तोंडून निसटलं, "पण मी तर तिथं सुट्टीला येणारे ना!"

बाळकृष्णराव वाईट माणूस नव्हते, म्हणून त्यांना आपलं वाक्य आपल्याच कानांनी ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढला, उगाच पुसला, पुन्हा घातला. भारती ताटं उचलून आत गेली. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. इतकं साधं कळायला म्हातारपण यावं लागलं, याचंच तिला वाईट वाटत होतं.

पण सावित्रीबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी सकाळीच फर्मान काढलं. रविवारी दुपारी बाळूनं एकट्यानं वरणभात करून दाखवायचा. "मला समुद्रावर नेऊन उपाशी मारायचा बेत नको. जमलं तर भीमिली. नाही जमलं तर तो किशोरचा बंगला, आणि भारतीचा ओटा. आणि भारतीनं खुर्चीतून उठायचं नाही. बोलायचंही नाही."

म्हणजे सगळं आता एका कुकरवर येऊन ठेपलं. भारतीला तीन दिवस धड झोप लागली नाही. शाळेत निकालाच्या वेळी पोरांची तोंडं होत, तसं तिचं तोंड झालं होतं.

रविवारी बाळकृष्णराव खांद्यावर पंचा टाकून स्वयंपाकघरात शिरले. बाहेर दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग डबे उघडल्याचा. मग प्रश्न, "अगं, तुरीची कुठली? ही पिवळी का ती पिवळी?" भारतीनं तोंड उघडलं, सावित्रीबाईंनी डोळे वटारले, भारतीनं तोंड मिटलं. "हळद सापडली!" आतून आनंदाची आरोळी आली. मग बराच वेळ शांतता. ती शांतता सगळ्यात वाईट. कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली, आणखी होत राहिल्या, थांबेनात. गॅस बारीक करायला भारतीचे पाय आपोआप जमिनीला टेकले. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आत काहीतरी करपल्याचा वास आला, फोडणीतलं जिरं असावं. बाळकृष्णराव खोकले. तिकडं समीर ग्रुपवर विचारत होता, "बाबांचं काय झालं?" तिनं फोन पालथा घातला.

अखेर ते बाहेर आले. चष्म्यावर वाफ, पंच्यावर हळद, एका बोटाला चटका, ते बोट तोंडात. दोन ताटं त्यांनी टेबलावर ठेवली. एक आईपुढं, एक भारतीपुढं. भात जरा गिचका होता, पण पांढरा होता. वरण पिवळं होतं, वर करपलेल्या जिऱ्याचे काळे ठिपके. वाफा येत होत्या. ताटाला वाफ येत असताना आपण बसलेल्या आहोत, हे भारतीला फार नवलाचं वाटलं. ते स्वतः बसले नाहीत. वाढणाऱ्यासारखे उभेच राहिले, चटका बसलेलं बोट फुंकत.

भारतीनं पहिला घास घेतला.

वरण अळणी होतं. मिठाचा कण नव्हता त्यात. भातातही नव्हता. जिभेवर नुसतं गरम पीठ आल्यासारखं वाटलं. आणि तिच्या मनात काही यायच्या आत तिचे हात टेबलावर टेकले, गुडघे सरळ व्हायला लागले, मान स्वयंपाकघराकडं वळली. मीठ आणायला. जन्मभर ती अशीच, पहिल्या घासाला उठत आली होती.

टेबलाखालून एक हात आला आणि तिच्या मनगटावर पडला. हाडकुळा, सुरकुतलेला, पण पकड जबर.

"बस," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या.

भारती बसली.

"कसं झालंय, आई?" बाळकृष्णरावांनी विचारलं. आवाजात धाकधूक होती. "मीठ-बीठ बरोबर आहे ना?"

चिमूटभर मीठ कमी पडलं तर ताट मागं सारणारी ती म्हातारी, तिनं दुसरा घास घेतला, चावला, गिळला. "बरोबर आहे की," ती म्हणाली, आणि लगेच तिसरा घेतला.

दोघी खाली मान घालून जेवत राहिल्या. सावित्रीबाईंनी वरणभात पार शितापर्यंत निपटला. मग पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "भारती, त्या बाईला फोन लाव." भारतीचा उजवा हात खरकटा होता. तिनं डाव्या हातानं नंबर फिरवला आणि तोंडातला अळणी घास गिळून सत्यवतीगारूंना सांगितलं, की आम्ही येतोय, आणि वरची खोली माझी.